घुबडांचा फ्रॉक, लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन: एका घरगुती शिवणाची पूर्ण केस

२०२४ साली लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले, ३१ ऑक्टोबरला. म्हणजे अमेरिकेत तरी बहुतेक घरी त्याच दिवशी, महाराष्ट्रात बऱ्याच जणांचं १ नोव्हेंबरला झालं, आणि त्यावरून फॅमिली ग्रुपवर जो काथ्याकूट झाला तो वेगळाच विषय आहे. इथे विषय माझ्या धाकट्या जावेच्या ड्रेसचा.

ती राहते मॅसॅच्युसेट्समध्ये, फ्रेमिंगहॅमच्या जवळ. तिला जुन्या पद्धतीच्या कपड्यांचं वेड आहे, १९५० च्या दशकातले ते फ्रॉक असतात ना, वर अंगाबरोबर बसणारे, कंबर आवळलेली आणि खाली भरपूर घेर, तसले. शिवायला येतं पण पक्कं नाही, आधी उशांचे अभ्रे, मुलीचे दोन-तीन झबल्यासारखे फ्रॉक, एवढाच अनुभव. तर तिला हवा होता हॅलोविनचा प्रिंट असलेला, पन्नासच्या दशकातल्या घाटाचा ड्रेस, घरी शिवलेला. तो घालून ऑक्टोबरच्या मधे सेलमला फिरायला जायचं, १६९२ च्या चेटकीण खटल्यांचं तेच सेलम, ऑक्टोबरभर तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि अर्धं पब्लिक नटूनथटून आलेलं असतं. आणि ३१ तारखेला तोच ड्रेस घालून आधी पूजा आणि मग लगेच दारात बसून पोरांना चॉकलेटं वाटायची, कारण दोन लहान मुलं सांभाळून मधे कपडे बदलायला वेळ कुठला.

आता खरी मेख. सासूबाई सांगलीहून आलेल्या, सहा महिन्यांसाठी. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "काळं संक्रांतीला घाल की, कोण नको म्हणतंय, लक्ष्मीपूजनाला काळं घालून बसलेलं मला चालायचं नाही." आणि हॅलोविनचं कापड बघायला गेलात तर दहातली आठ ठाणं काळ्या बेसवर. कवट्या, कोळी, थडगी. हेही पूजेला घालून बसायचं म्हणजे कठीणच.

तिने मला फोन केला तोवर तिचं पॅटर्न, म्हणजे ज्यावरून कापड बेततात तो छापील कागद, ठरलेलंसुद्धा होतं. बटरिक कंपनीचं ते प्रसिद्ध वॉकअवे ड्रेस. १९५२ चं, मूळ नंबर ६०१५, नंतर त्यांनी ४७९० नंबरने पुन्हा काढलं. त्याची जाहिरातच अशी होती की न्याहारी झाल्यावर शिवायला घ्या आणि दुपारच्या जेवणाला घालून बाहेर पडा, आणि ते तेव्हा तुफान खपलं. रचना मजेशीर आहे, पुढे सरळ चिंचोळा भाग, तो मागे नेऊन अडकवायचा, आणि मागचा जो मोठ्ठा गोल घेर आहे तो दोन्ही बाजूंनी पुढे आणून कंबरेला बटण लावायचं. कडांना सगळीकडे उरेब पट्टी. दिसायला सोपं, फोटोत फारच गोड. (फिटिंगच्या तक्रारी त्याच्याबद्दल खूप आहेत, विशेषतः काखेखाली उघडं पडतं, पण ते बाजूला ठेवू.)

मी तिला विचारलं, कापड कुठलं घेतेयस? तर म्हणे ते बघू नंतर, आधी पॅटर्न. माझ्या मते हॅलोविनच्या शिवणात सगळ्यांचं घोडं इथेच पेंड खातं. प्रिंटचं कापड असेल तर आधी कापड हातात घ्यावं, ते उभं धरून बघावं, आणि मग ठरवावं कुठल्या घाटाचा ड्रेस त्यातून निघतो. कारण हॅलोविनच्या प्रिंटला डोकं आणि पाय असतात. भोपळ्याला देठ वर असतो, मांजर उभं असतं, चेटकीण झाडूवर बसलेली असते. पोलका डॉट किंवा बारीक फुलं कशीही कापा, कुणाला कळत नाही. चित्रं उलटी झाली की रस्त्यावरच्या माणसालाही कळतं.

कापड शेवटी मिळालं ते फार छान. गोधडीवाल्या बायकांसाठी जे क्विल्टिंग कॉटन येतं ना, त्यातच हॅलोविनचे प्रिंट सगळ्यात जास्त असतात आणि ते जुलैपासूनच दुकानात लागतात, ऑक्टोबरात गेलात तर उरलेलं सुरलेलं मिळतं. तिने ऑगस्टमध्येच उचललं. गडद केशरी बेस, त्यावर तपकिरी निष्पर्ण फांद्या, फांद्यांवर घुबडं आणि मधूनमधून छोटे पिवळे चंद्र. काळा रंग फक्त घुबडांच्या डोळ्यांत. सासूबाईंनी आधी नाक मुरडलंच, "घुबड? आणि घरात?" तर ही लगेच, "आई, लक्ष्मीचं वाहन आहे ते." बंगाल्यांकडे लक्ष्मीच्या मूर्तीशेजारी घुबड असतंच, हे त्यांनाही माहीत होतं. केशरी रंग तर काय झेंडूचाच. पास झालं. मला विचाराल तर या केसमधला सगळ्यात हुशार निर्णय हाच, कारण हॅलोविनही झालं, दिवाळीही झाली, आणि नंतर नोव्हेंबरभर थँक्सगिव्हिंगपर्यंत तो ड्रेस वापरता आला. काळ्या कवट्यांचा ड्रेस १ नोव्हेंबरला कपाटात जातो तो थेट पुढच्या वर्षी बाहेर येतो.

तर कापड हातात आलं आणि वॉकअवे बाद झाला. का ते नीट सांगते, कारण गोल घेराच्या स्कर्टच्या बाबतीत हे सगळ्यांना लागू आहे. हे कापड असतं ४४ इंच पन्ह्याचं, काठ सोडले तर ४२-४३ वापरता येतं. तिची कंबर ३४, एक इंच सैल धरून ३५. पूर्ण गोल स्कर्ट काढायचा तर कंबरेच्या वर्तुळाची त्रिज्या साडेपाच इंचाच्या थोडी वर, त्यात लांबी २७-२८ मिळवली की बाहेरची त्रिज्या ३३-३४. म्हणजे अख्खा गोल ६७ इंच रुंद, तो ४४ च्या पन्ह्यात बसणारच नाही, दोन अर्धगोल कापावे लागतात, आणि अर्धगोलाची सरळ बाजू किनारीला लागते. आता डोळ्यासमोर आणा, घुबडं किनारीला समांतर उभी आहेत. अर्धगोलाचा जो मधला भाग तो पोटावर येणार, तिथे घुबडं आडवी झोपलेली. एका कुशीला सरळ उभी. दुसऱ्या कुशीला डोकं खाली पाय वर, आणि फांदीला उलटं लटकलेलं घुबड म्हणजे वटवाघूळच. हॅलोविनला वटवाघूळ चालतं म्हणा, पण लक्ष्मीचं वाहन नाही ते. शिवाय नुसत्या स्कर्टलाच जवळजवळ चार वार कापड गेलं असतं.

दुसरा पर्याय कळ्यांचा स्कर्ट. साध्या कापडात कळ्या एक सुलटी एक उलटी अशा एकमेकींत अडकवून कापतात त्यामुळे कापड वाचतं. एकाच दिशेच्या प्रिंटमध्ये सगळ्या कळ्या सुलट्याच लावाव्या लागतात, मधली तिकोनी जागा सगळी वाया, वर प्रत्येक जोडावर अर्धं घुबड. नको.

मग काय उरलं? इथे सासूबाई, ज्या इतका वेळ शेंगा निवडत ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं परकर शिवतात तसा शिव की, दोन पाट घ्यायचे, वर चुण्या घालायच्या, झालं." आणि खरंच तेच उत्तर होतं. पाट म्हणजे पूर्ण पन्ह्याचा सरळ आयत, कंबरेला चुण्या. चित्र कुठेही फिरत नाही, खाली घेराला सगळी घुबडं एका रांगेत उभी राहतात. पन्नासच्या दशकातले चित्रांचे, काठांचे छापील स्कर्ट बरेचसे असेच सरळ आयतातून चुण्या घालून केलेले दिसतात, त्यामागचं कारणही हेच. परकर-पोलकं शिवलेल्या बाईला ते सांगावं लागत नाही, जरीचा काठ खाली सरळ यायचा तर कापड गोल कापून चालतच नाही.

बेतताना दोन गोष्टी. एक, कापताना दोन्ही पाट चित्राच्या एकाच ठिकाणापासून सुरू करायचे, नाहीतर कुशीला पुढचं घुबड वर आणि मागचं खाली असं होतं. या प्रिंटमध्ये चित्र दर १२ इंचांनी परत येत होतं. पाटाची लांबी शिलाई आणि तीन इंच दुमड धरून ३१, म्हणजे पहिला पाट ३१ ला संपला तरी दुसरा ३६ वर सुरू करायचा, मधले पाच इंच खिशांना वगैरे. दोन, वरच्या भागाला सव्वा वार. सगळं धरून सव्वातीन वार पुरे होतं, पण कापड आधी धुवायचं, कॉटन धुतल्यावर आटतं, आणि चित्र हवं तिथे आणायला मोकळीक लागते, म्हणून चार वार. धुताना सासूबाईंनी मिठाच्या पाण्यात भिजवायला सांगितलं, भिजवलं, नुकसान काही नाही, पण हल्लीच्या छापील कापडाचा रंग मिठाने पक्का होतो असं काही नसतं, जो जादाचा रंग असतो तो साध्या धुण्यात निघून जातो.

आता वरचा भाग, आणि इथेच सगळा वेळ गेला.

जाऊबाई दुकानात १४ नंबरचा तयार ड्रेस घेतात. पॅटर्नच्या पाकिटावरचे नंबर मात्र वेगळ्या जगातले असतात, बटरिक, मॅककॉल्स, व्होग, सिंप्लिसिटी या चारही पॅटर्न कंपन्यांचं १४ म्हणजे छाती ३६, कंबर २८. १६ म्हणजे ३८-३०, १८ म्हणजे ४०-३२, २० म्हणजे ४२-३४. आणि खरंखुरं जुनं पाकीट घेतलंत, साठच्या दशकाच्या शेवटाआधीचं, तर तोच नंबर आणखी लहान निघतो. त्यामुळे नंबराकडे बघूच नये, इंच बघावेत. तिची छाती ४१, कंबर ३४. छातीवरून गेलं तर १८ आणि २० च्या मधे, तिने २० कापायचं ठरवलं होतं. तसं केलं असतं तर खांदे लोंबले असते आणि गळा पुढून उघडला असता, कारण पॅटर्न मोठं होतं तेव्हा सगळीकडूनच मोठं होतं, हाडं काही मोठी झालेली नसतात. टेप काखेखालून पण छातीच्या वरून घेतली तर माप आलं ३८. म्हणून १६ नंबर, आणि फक्त छातीला जागा वाढवायची, ज्याला फुल बस्ट अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. कागद छातीच्या टोकापर्यंत चिरून दीड इंच उघडायचा, पुढचे भाग दोन म्हणजे एकूण तीन इंच, ३८ चे ४१ झाले. ते उघडताना कंबरेलाही तेवढंच वाढतं, ३० चे ३३, मग राहिला एक इंच तो कुशीच्या शिलाईत पाव-पाव इंच सोडून काढला. सैलपणा पॅटर्नमध्ये आधीच धरलेला असतो, तो वेगळा मिळवायचा नाही.

खांद्याला आम्ही एक वेगळीच युक्ती केली. तिच्याकडे सांगलीच्या टेलरने शिवलेलं एक ब्लाऊज आहे, असं बसतं की बघत राहावं. ते पॅटर्नच्या कागदावर पसरून खांद्याची रुंदी, उतार आणि मुंढा ताडून बघितला, खांदा अर्धा इंच आत घ्यावा लागला. पण फक्त खांदा-मुंढाच हं. छातीचं माप ब्लाऊजवरून उचलू नये, आपलं ब्लाऊज अंगाला चिकटून असतं, आणि ते छातीखाली संपतं, हा ड्रेस कंबरेपर्यंत जातो आणि तो घालून बसायचं, वाकायचं, फराळ खायचा असतो.

जुन्या चादरीवर कच्चं शिवून घातलं तेव्हा बोटनेक गळा पुढे थोडा उभा राहत होता. चिमटीत धरला, अर्धा इंच निघाला, तेवढा कागदावर कमी केला. टक्सचं टोक छातीच्या टोकाच्या इंचभर अलीकडे थांबवलं, अगदी टोकापर्यंत नेलं की शंकू दिसतो. आणि मग प्रत्यक्ष कापड बेतताना तिने एक गोष्ट जवळजवळ करून ठेवली होती जी मी कात्री लावायच्या आधी व्हिडिओ कॉलवर पाहिली. पुढच्या भागावर छातीच्या बरोब्बर दोन्ही टोकांवर एकेक घुबड येत होतं. गोल, वटारलेल्या डोळ्यांची. हसून हसून आमची पुरेवाट, सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून. कागद चार इंच वर सरकवला, घुबडं खांद्याजवळ आणि कंबरेच्या वर गेली, छातीवर नुसत्या फांद्या आणि एक चंद्र. चित्रांच्या कापडात वरचा भाग नेहमी एकेरी कापावा, घडी घालून नाही, तरच काय कुठे येतंय ते दिसतं.

काळ्याचा प्रश्न पुन्हा एकदा आला. गळ्याला आणि बाह्यांना बारीक काळी पायपिन लावली तर केशरी रंग उठून दिसतो, जुना घाटही येतो. सासूबाई म्हणाल्या, "तेवढं चालतंय, गालाला तीट लावल्यागत." मंजूर.

चेन डाव्या कुशीला. त्या काळातल्या ड्रेसमध्ये ती बऱ्याचदा तिथेच असायची, मुंढ्याच्या दोन इंच खालून सुरू होऊन कंबर ओलांडून खाली. हल्ली सगळे मागे लावतात, पण मागे चेन म्हणजे मागचा अख्खा पाट मधोमध चिरायचा, घुबडांची रांग तुटली. कुशीला लावली की ड्रेस डोक्यावरून घालावा लागतो, थोडी कसरत आहे, बस.

चुण्यांना दोनाऐवजी तीन ओळी लांब टाक्यांच्या, बॉबिनचा दोरा ओढायचा. दोन पाट मिळून ८३ इंच ते ३५ मध्ये बसवले, म्हणजे अडीचपटीला जरा कमी. सासूबाईंना तिसरा पाट हवा होता, "एवढ्याशा घेरात काय शोभा" म्हणून. क्विल्टिंग कॉटन जरा ताठ असतं, वॉयलसारखं लोळत नाही, साडेतीनपट चुण्या घातल्या की कंबरेला गादी येते आणि पन्नासच्या दशकाची सगळी गंमत त्या बारीक कंबरेतच आहे. घेर दिसायला आतून नेटचा पेटीकोट घालायचा, साडीचा परकर उपयोगाचा नाही, तो उलट घेर दाबतो. कंबरेच्या शिलाईला आतून घट्ट विणीची रिबन टाकली, स्कर्टचं वजन ती पेलते, नाहीतर थोड्या दिवसांत वरचा भाग खाली ओढला जातो. खालची तीन इंचांची दुमड सासूबाईंनी हाताने तुरपली, बाहेरून टाका दिसत नाही.

जाता जाता, या सगळ्याला जागा किती चपखल होती. एलिअस हाऊने शिलाई मशीनचं पेटंट घेतलं ते १८४६ साली, तो मॅसॅच्युसेट्सचाच. वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायची कल्पना एबेनेझर बटरिकची, १८६३, त्याच राज्यातल्या स्टर्लिंग गावातली. आणि फ्रेमिंगहॅममध्ये डेनिसन कंपनी, जी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रेप पेपर विकायची आणि त्या कागदाचे हॅलोविनचे पोशाख घरी कसे करायचे त्याच्या पुस्तिका काढायची. साध्या कापडी अंगरख्यावर केशरी-काळ्या कागदाच्या झालरी टाचायच्या, एक रात्र घालायचं, टाकून द्यायचं. दारात मेणबत्त्या असताना कागदाचे कपडे, विचार करूनच घाम फुटतो. पणत्या लावणाऱ्या घरात कॉटनच बरं, आणि तेही घेर आवरूनच.

ड्रेस सेलमला जाऊन आला, भरपूर फोटो. ३१ तारखेसाठी तिने वर तपकिरी कार्डिगन तयार ठेवलं होतं, एरवी त्या दिवसांत तिकडे कुडकुडायला होतं, पण त्या वर्षी भलतीच उबदार संध्याकाळ होती, कार्डिगन खुंटीलाच राहिलं. पूजेला केशरी फ्रॉकवर चंद्रहार घातला होता हे मला फार आवडलं नाही, मोत्याची एकेरी माळ जास्त शोभली असती, पण तो तिचा शौक. दारात रांगोळी, तिच्या बाजूला कोरलेला भोपळा, आणि पोरं चॉकलेटाबरोबर शंकरपाळ्याही घेऊन गेली.

खर्च? कापडाचा वार बारा डॉलरच्या आसपास, चार वार, त्यात चेन, पायपिन, रिबन, दोरा, पॅटर्न, म्हणजे सत्तरच्या पुढे. त्या किमतीत थोडी भर घातली तर अशा घाटाचा तयार ड्रेस येतो. स्वस्त पडतं म्हणून घरी शिवा असं मी कुणालाही सांगणार नाही. तयार ड्रेस ४१ छातीला बसवून खांदे सोडून देतो, आणि घुबड कुठे येईल ते तुमच्या हातात नसतं, त्यासाठी शिवायचं.

राहिलेली खोट म्हणजे कंबर. अडीचपटीतही पोटासमोर चुण्या जरा फुगतातच. पुढच्या ड्रेसला समोरच्या आठ इंचांत चुण्यांऐवजी दोन्हीकडे तोंड केलेल्या सपाट प्लीट्स घालायच्या आणि चुण्या कुशीपासून मागे, असं ठरलंय, बाकी कागद तोच. २०२५ मध्ये दिवाळी वीस-एकवीस ऑक्टोबरलाच उरकली, हॅलोविन त्यानंतर दहा दिवसांनी, त्यामुळे काळं कापड घ्यायला कुणाची हरकत उरली नव्हती. पण कापडाचंच अवघड झालं, जोअ‍ॅन ही तिकडची कापड आणि शिवणसामानाच्या दुकानांची साखळी, तिची सगळी दुकानं त्या वर्षी मेअखेर बंद झाली आणि उभं धरून बघायची सोय गेली. ऑनलाइन घेताना मी तिला एवढंच सांगितलं की फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवलेली असेल तरच घे, आणि किनार कुठल्या बाजूला आहे ते विचार. विक्रेत्याने किनारीसकट फोटो पाठवला तेव्हा कळलं की त्या प्रिंटमधली मांजरं किनारीला आडवी छापलेली आहेत, म्हणजे पाट आडवे कापावे लागणार, पण मग लांबीला ४३ इंच मिळतात आणि घेराला हवं तेवढं, मधे जोडच नाही. तिने साडेतीन वार मागवलं.